कन्सोलसाठी टीव्ही: दुकानात काय पाहावे आणि घरी कसा लावावा

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी जळगावच्या एका दुकानातून ५५ इंचांचा टीव्ही घेतला, तेव्हा त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १२० हा आकडा छापलेला होता. विक्रेत्याला विचारले, तर तो ठामपणे म्हणाला, "भाऊ, यामा आख्खं शे" (यात सगळं आहे). घरी आणून प्लेस्टेशन ५ जोडले आणि कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडली, तर तिथे कमाल ६० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रेच, दिसू लागले. खोक्यावरचे १२० हा पडद्याचा वेग नव्हताच. दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतः एक बनावट चित्र तयार करून घालतो, त्या करामतीला कंपनीने दिलेले ते नाव होते. विक्रेत्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, कारण फरक त्यालाही ठाऊक नव्हता. पण तेव्हापासून खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा वेगवेगळे वाचायची सवय लागली, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या सवयीतूनच आलेले आहे.

दुकानात टीव्हीची ओळख नेहमी इंच आणि फोर-के (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, म्हणजे बारकावा) यांपासून सुरू होते. कन्सोलवर खेळणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. सिनेमा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा दिसला तरी कोणाचे काही बिघडत नाही, कारण आवाज आणि चित्र दोन्ही तेवढेच मागे सरकलेले असतात. खेळात मात्र अंगठा तुमचा असतो आणि तो चित्राची वाट पाहत असतो. म्हणून आधी उशीर पाहावा, मग वेग, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी बारकावा.

उशीर

बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्यातल्या टीव्हीच्या वाट्याला इनपुट लॅग म्हणतात. आलेले चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. तो त्यातले खरखरीत ठिपके काढतो, कडा उठावदार करतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि या प्रत्येक कामासाठी काही चित्रे हातात धरून ठेवतो. नेहमीच्या पिक्चर मोडमध्ये हा उशीर सहज ५० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, काही टीव्हींवर १०० च्याही. तोच टीव्ही गेम मोडवर टाकला की ही बरीचशी कामे बंद होतात आणि उशीर बहुधा १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे १०० मिलिसेकंद उशीर असेल, तर तुम्ही सहा चित्रे जुन्या चेंडूवर बॅट फिरवत असता.

हे घरच्या घरी तपासता येते. आजकालच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचे स्लो मोशन असते. मोबाइल अशा ठिकाणी टेकवून ठेवावा की कंट्रोलर आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील, खेळातले एखादे साधे उडी मारण्याचे बटण झटकन दाबावे, आणि मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत बटण खाली गेल्यापासून उडी सुरू होईपर्यंतची चित्रे मोजावीत. प्रत्येक चित्र साधारण ४.२ मिलिसेकंदांचे असते. या मोजणीत कन्सोलचा आणि खेळाचा स्वतःचा उशीरही मिसळलेला असल्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही; पण तोच खेळ, तेच बटण, एकदा गेम मोड चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून पाहिले, तर दोन्हींमधला फरक हा निव्वळ टीव्हीचा असतो. बारा चित्रांचा फरक आला, तर ५० मिलिसेकंद. प्रत्येक वेळी चार-पाच उड्या मोजून सरासरी काढावी.

खोक्यावर '१ एमएस' असे लिहिलेले असेल, तर ते इनपुट लॅगबद्दल नसते. एका ठिपक्याला रंग बदलायला लागणारा तो वेळ आहे, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत सोयीच्या परिस्थितीत मोजलेला असतो. ओलेड पडद्यावर हा बदल खरोखरच एका मिलिसेकंदाच्या आत होतो. साध्या एलईडी टीव्हीवर त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि व्हीए प्रकारच्या पॅनेलवर अंधारातून कमी अंधाराकडे जाताना तो विशेष रेंगाळतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात चालणाऱ्या पात्राच्या मागे काळपट ओरखडा दिसतो.

ऑटो लो लेटन्सी मोड, म्हणजे एएलएलएम, ही सुविधा कन्सोल खेळ सुरू करतो तेव्हा टीव्हीला स्वतःहून गेम मोडवर नेते. सोय चांगली आहे, पण ती रिमोटच्या दोन बटणांइतकीच आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

वेग

पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र रंगवू शकतो, हे हर्ट्झमध्ये सांगतात. इथे तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे माझी झाली ती: 'मोशन' शब्द जोडलेला कोणताही मोठा आकडा पडद्याचा खरा वेग समजू नये. दुसरी, टीव्हीच्या पाठीमागच्या पट्टीवर व्होल्टच्या शेजारी लिहिलेले ५०/६० हर्ट्झ हे विजेचे असते, पडद्याचे नसते. एका मित्राने त्यावरून भर दुकानात वाद घातला होता. तिसरी गल्लत सर्वांत चतुर आहे. काही स्वस्त टीव्हींवर '१२० हर्ट्झ डीएलजी' असे लिहिलेले असते. त्यात पॅनेल मुळात ६० हर्ट्झचेच असते, पण ते दोन आडव्या ओळी एकाच वेळी एकसारख्या रंगवून वेग दुप्पट करते, आणि त्या बदल्यात उभा बारकावा अर्धा होतो. हे खोटे नाही, आणि झटपट खेळात उपयोगीही पडते. फक्त त्याला खऱ्या १२० हर्ट्झचा भाव देऊ नये. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच ठेवावा: "पूर्ण फोर-केमध्ये पॅनेल मुळात किती हर्ट्झचे आहे?" उत्तर तोंडी घेऊ नये, मॉडेल क्रमांक मोबाइलवर टाकून कंपनीच्या पानावर पाहावे.

कन्सोलवरचे बहुतेक खेळ सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांचे असतात आणि १२० चे थोडेच, मग १२० हर्ट्झचा पडदा कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर ४० या आकड्यात आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला ४० चित्रे समान अंतराने बसत नाहीत, कारण ६० ला ४० ने नीट भाग जात नाही. १२० ला मात्र जातो, आणि प्रत्येक चित्र बरोबर तीन वेळा दाखवता येते. मिलिसेकंदांत पाहिले, तर ३० चे चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० चे १६.७ आणि ४० चे २५. म्हणजे आकड्याने ४० हे ३० च्या जवळचे वाटले, तरी वेळेने ते दोहोंच्या अगदी मध्यावर आहे. म्हणूनच काही खेळांत उत्तम चित्र आणि बऱ्यापैकी चपळता एकत्र देणारी ४० चित्रांची निवड असते, आणि ती १२० हर्ट्झचा पडदा असल्याशिवाय उघडत नाही.

व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे व्हीआरआर, समजायला आपल्याकडचे उदाहरण पुरेसे आहे. साधा पडदा एसटीसारखा वेळापत्रकाने सुटतो. चित्र तयार व्हायला क्षणभर उशीर झाला, तर ती गाडी चुकते आणि पुढच्या गाडीपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे हालचाल अडखळते. न थांबता अर्धवट चित्रच गाडीत कोंबले, तर पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो. व्हीआरआर असलेला पडदा काळी-पिवळीसारखा असतो: सवारी आली की निघायचे. प्लेस्टेशन ५ ला ही सुविधा एप्रिल २०२२ मध्ये मिळाली आणि तिथे तिची पट्टी ४८ ते १२० हर्ट्झची आहे, त्यामुळे ३०-३५ वर घसरणाऱ्या खेळाला तिचा आधार मिळेलच असे नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांवर ती आधीपासून आहे, आणि फ्रीसिंक (अशीच एक सुविधा) असलेल्या काही जुन्या पडद्यांवरही चालते. ओलेड आणि व्हीए पडद्यांवर व्हीआरआर चालू असताना अंधारी दृश्ये किंचित लुकलुकतात. ते टीव्ही बिघडल्याचे लक्षण नाही.

या सगळ्यासाठी एचडीएमआयचे, म्हणजे कन्सोलची केबल टीव्हीला जिथे लागते ते, दार पुरेसे रुंद लागते. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, तर २.१ ची मर्यादा ४८ आहे. प्लेस्टेशन ५ त्यातले ३२ पर्यंत वापरतो आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० पर्यंत, म्हणून ४८ च नसेल तर टीव्ही टाकाऊ असे समजू नये. खरी अडचण वेगळी आहे. एचडीएमआय २.१ हे नाव लावण्यासाठी त्यातल्या सगळ्या सुविधा देणे बंधनकारक नाही, त्यामुळे '२.१' एवढेच पाहून काहीही सिद्ध होत नाही. फोर-के १२० हर्ट्झ, व्हीआरआर आणि एएलएलएम ही तिन्ही नावे वेगवेगळी लिहिलेली आहेत का, आणि ती कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवर आहेत, हे पाहावे. अनेक टीव्हींच्या चार पोर्टपैकी दोनच पूर्ण क्षमतेचे असतात, आणि त्या दोनांतलाच एक ईएआरसीचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा, असतो. साउंडबार त्यात गेला, तर कन्सोलसाठी एकच उरतो.

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ४ आहे, आणि शिरपूर-चोपड्यापासून शहाद्यापर्यंत हातोहात फिरलेले असे कन्सोल अजून पुष्कळ आहेत, त्यांनी या विभागातले जवळजवळ सगळे सोडून द्यावे. त्यांना कमी लॅगचा ६० हर्ट्झचा चांगला टीव्ही पुरतो.

उजेड आणि बसण्याची जागा

पॅनेल निवडताना आधी स्वतःची खोली पाहावी. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग टिकवते, पण त्याचा काळा रंग राखाडी असतो. व्हीएचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने किंवा खालून पाहिल्यास चित्र फिके पडते. आपल्याकडे शोकेसच्या वर, जवळजवळ छताला टीव्ही टांगण्याची पद्धत आहे आणि मुले खाली चटईवर बसून खेळतात. अशा घरात व्हीए टीव्ही घेतल्यास तो पुढे झुकवता येणाऱ्या ब्रॅकेटवर लावावा, आणि जमल्यास दोन फूट खाली आणावा. चार भावंडे खोलीभर पसरून बसत असतील, तर आयपीएस किंवा ओलेड बरा.

ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, म्हणून अंधारी दृश्ये त्याच्यासारखी दुसरा कोणी दाखवत नाही. तरीही एकत्र कुटुंबात, जिथे एकाच टीव्हीवर दिवसभर बातम्यांची पट्टी आणि क्रिकेटचा धावफलक चालू असतो, तिथे मी ओलेड सुचवणार नाही. एका जागी स्थिर राहणारी चित्रे वर्षानुवर्षांत त्याच्यावर डाग ठेवू शकतात, आणि खेळातली आयुष्याची पट्टी किंवा नकाशाही त्याच जातीचा असतो. तिथे मिनी एलईडी चांगला, कारण त्याच्या मागच्या दिव्यांचे अनेक गट वेगवेगळे मंद करता येतात आणि तो झळाळतोही जास्त. हिवाळ्यात आपल्या घरांची दारे-खिडक्या दिवसभर उघडी असतात, तेव्हा ही झळाळी कामी येते. एप्रिल-मेमध्ये उलट होते. उन्हाच्या भीतीने सगळे पडदे ओढलेले असतात आणि भर दुपारी खोलीत संध्याकाळ असते. टीव्हीचे मूल्यमापन दोन्ही ऋतूंचा विचार करून करावे.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक वाढवून दाखवणारी चित्रपद्धत, हे नाव आता जवळजवळ सर्वच टीव्हींवर असते, पण टीव्ही एचडीआरचा संदेश वाचू शकणे आणि तो दाखवू शकणे यांत मोठे अंतर आहे. ज्या टीव्हीची कमाल झळाळी ३०० निट्सच्या (झळाळीचे एकक) आसपास आहे आणि ज्यात दिव्यांचे गट नाहीत, त्यावर एचडीआर चालू केल्याने चित्र पुष्कळदा काळवंडते, आणि तिथे ते बंद ठेवणेच योग्य. प्लेस्टेशन ५ खेळांसाठी एचडीआर-१० हा प्रकार वापरतो. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या दुसऱ्या प्रकारातले खेळ एक्सबॉक्स सिरीजवर चालतात. म्हणून केवळ प्लेस्टेशनसाठी डॉल्बी व्हिजनचे पैसे जास्त देण्यात अर्थ नाही. सिनेमांसाठी द्यायचे असतील, तर गोष्ट निराळी.

बारकाव्याचे थोडक्यात. साधारण नजरेचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखतो. त्या हिशेबाने ५५ इंचांच्या पडद्यापासून सात फुटांपेक्षा दूर बसल्यास फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक दिसेनासा होत जातो. ४३ इंचांवर हीच मर्यादा साडेपाच फुटांवर येते. बहुतेक घरांत बसण्याचे अंतर सात-आठ फुटांचे असते. तेव्हा खेळात 'क्वालिटी' आणि 'परफॉर्मन्स' असे दोन पर्याय आले, तर निःशंकपणे परफॉर्मन्स निवडावा, कारण जो बारकावा तिथून दिसणारच नाही त्यासाठी वेग का द्यावा?

किमतीबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. शेजाऱ्याच्या जुन्या बिलाशी तुलना करताना हा फरक आधी वजा करावा.

घरी जोडताना

क्रम चुकला की निम्म्या सुविधा दिसतच नाहीत, म्हणून तो पाळावा. कन्सोलसोबत आलेली केबल प्रथम पूर्ण क्षमतेच्या पोर्टमध्ये लावावी. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या खोक्यातली केबल पुरेशी असते. दुसरी घ्यावी लागली, तर 'अल्ट्रा हाय स्पीड' असे लिहिलेली आणि वेष्टनावर क्यूआर कोडचा प्रमाणपत्र-शिक्का असलेलीच घ्यावी, शक्यतो तीन मीटरच्या आतली. मी एकदा बाजारातली निनावी पाच मीटरची केबल भिंतीतून ओढून घेतली होती. शेजारच्या बोर्डावरच्या कूलरची मोटर सुरू झाली की पडदा क्षणभर काळा पडायचा. केबल बदलल्यावर ते थांबले.

पुढची पायरी सर्वाधिक लोक विसरतात. टीव्हीचा पोर्ट नवा असताना बहुधा जुन्या, अरुंद संदेशावर ठेवलेला असतो आणि तो मेनूतून हाताने मोकळा करावा लागतो. सोनीवर हा पर्याय 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस' आणि एलजीवर 'डीप कलर' या नावाने सापडतो. त्यानंतर गेम मोड लावावा. मग कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटमध्ये जाऊन फोर-के, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर स्वयंचलित ठेवावे, आणि एचडीआरला 'नेहमी' ऐवजी 'सपोर्ट असेल तेव्हा' हा पर्याय द्यावा, म्हणजे जुन्या खेळांचे रंग उगाच बदलत नाहीत. एक्सबॉक्सवर 'फोर-के टीव्ही डिटेल्स' नावाच्या पानावर टीव्ही काय मान्य करतो, याची हिरव्या खुणांची यादीच मिळते. खोक्यावरचे दावे आणि ही यादी शेजारी ठेवून वाचण्यासारखी असते.

एचडीआर जुळवताना कन्सोल एक चिन्ह दाखवतो आणि ते जेमतेम दिसेनासे होईपर्यंत उजेड बदलायला सांगतो. त्याआधी टीव्हीच्या मेनूत टोन मॅपिंगचा, म्हणजे पडद्याला न झेपणारा उजेड आवरण्याचा, पर्याय पाहावा. त्यात एचजीआयजी (हे काम कन्सोलवर सोपवणारा पर्याय) असेल तर ते निवडावे, नसेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करावे. कारण असे की उजेडाची काटछाट कन्सोल आणि टीव्ही या दोघांनीही केली, तर ढगांतले आणि आगीतले तपशील दोनदा कापले जातात. ही जुळवणी आपण ज्या वेळी खेळतो त्याच उजेडात करावी.

चित्राच्या कडेचा गुणफलक किंवा नकाशा कापला जात असेल, तर टीव्ही चित्र थोडे ताणतो आहे असे समजावे आणि 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल' किंवा 'फिट टू स्क्रीन' यांपैकी जो पर्याय असेल तो लावावा. शार्पनेस इतका खाली आणावा की अक्षरांभोवती पांढरी किनार दिसणार नाही. दुकानातून आलेला टीव्ही कधी कधी 'स्टोअर मोड'मध्येच असतो आणि केलेली सेटिंग्ज दर थोड्या वेळाने पुसतो. 'होम मोड' निवडल्याशिवाय बाकीच्या कष्टांना अर्थ नाही.

ऊन, कूलर आणि वीज

प्लेस्टेशन ५ च्या पुस्तिकेत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस दिलेले आहे. जळगाव-भुसावळचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो, त्यामुळे पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी खेळणे हे कन्सोलच्या मर्यादेबाहेरचे आहे. कन्सोल काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नये, भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर सोडावे आणि महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. गार वारा मिळावा म्हणून काही जण कन्सोल थेट कूलरसमोर ठेवतात. त्या वाऱ्यासोबत ओल आणि बारीक तुषार येतात, म्हणून ते टाळावे. कूलर खोलीला गार करो, यंत्राला नको.

वीज मध्येच जाऊन खेळ बंद पडण्यापेक्षा त्याच क्षणी सेव्ह चालू असेल, तर नुकसान मोठे असते. कन्सोलचे साधारण २०० वॅट आणि मोठ्या टीव्हीचे १०० ते १५० वॅट धरले, तर ६०० व्हीएचा (इथे व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, पॅनेल नव्हे) छोटा यूपीएस काठावर येतो. १००० व्हीएच्या आसपासचा घेतल्यास कन्सोल शांतपणे बंद करण्याइतकी मिनिटे मिळतात. घरी इन्व्हर्टर असेल, तर तो साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, असल्याची खात्री करावी.

आणि सेटिंग बदलता बदलता पडदा पूर्ण काळा झालाच, तर घाबरून टीव्ही परत न्यायला निघू नये. कन्सोलने टीव्हीला न झेपणारा संदेश पाठवलेला असतो, इतकेच. प्लेस्टेशन ५ पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दुसरी 'बीप' ऐकू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सात सेकंद, दाबून धरावे. सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून त्यातला व्हिडिओ आउटपुट बदलण्याचा पर्याय निवडावा आणि रिझोल्यूशन पुन्हा स्वयंचलित करावे.